थकीत प्राप्तिकर आणि सैनिकाचे घर

सीमाभागातील बेळगाव असो, माळव्यातील महू असो, अथवा ग्वाल्हेर, बडोदे, सिकंदराबाद असो. जेथे छावणी आहे तेथे तिच्या परिसरात मराठी भाषिक सैनिकांची व माजी सैनिकांची घरे आढळतात. अशा बहुतेक घरांत एक काळी लोखंडी ट्रंक जपून ठेवलेली असते. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतन प्रदान आदेश, पदकांची प्रमाणपत्रे व रेकॉर्ड ऑफिसकडील पत्रव्यवहार हे सारे तीत अनुक्रमाने लावलेले असते. रेकॉर्ड ऑफिसचे पत्र आले आणि त्यास उत्तर गेले नाही, असे या घरांत सहसा घडत नाही.

प्राप्तिकर विभागाच्या मागणीच्या नोटिशीच्या बाबतीत मात्र उलट अनुभव येतो. ती कित्येकदा घरी पोहोचतच नाही. पोहोचली तर तिची भाषा समजत नाही. आणि समजली तरी भीतीपोटी ती बाजूला ठेवली जाते. मग दोन-चार वर्षांनी अपेक्षित परतावा परस्पर वळता झाला, अथवा बँकेतील खाते गोठविले गेले, की धावपळ सुरू होते. मागणीची नोटीस हा अखेरचा निकाल नसून उत्तराची अपेक्षा करणारा कागद आहे आणि वेळीच दिलेल्या उत्तराने बहुसंख्य प्रकरणे सुटू शकतात, हे माजी सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या ध्यानी यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट ठरेल. शेतीव्यतिरिक्त अन्य उत्पन्नावरील कर हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत ८२ व्या क्रमांकावर आहे. सबब प्राप्तिकर, ज्यास व्यवहारात आयकर म्हणतात, तो माफ करण्याचा वा कमी करण्याचा अधिकार राज्य शासनास नाही. योग्य दरवाजा कोणता व तो ठोठावण्याची मुदत किती, हे सांगण्याचे काम मात्र राज्याच्या सैनिक कल्याण यंत्रणेस करता येते. त्याच मर्यादेत पुढील माहिती दिली आहे. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. तथापि त्यापूर्वीच्या वर्षांच्या थकबाकीस १९६१ चा अधिनियमच लागू असल्याने येथे दिलेली कलमे त्या अधिनियमातील आहेत.

थकबाकी कशी निर्माण होते?

सैनिकाच्या वेतनातून कर आपोआप कापला जातो, त्यामुळे कराचा बोजा राहण्याचे कारणच काय, असा प्रश्न साहजिक आहे. अशी थकबाकी बहुधा चार प्रकारांनी निर्माण होते.

पहिला प्रकार दोन ठिकाणच्या उत्पन्नाचा. सैनिक तुलनेने लहान वयात निवृत्त होतो व पुष्कळदा बँकेत, कारखान्यात वा सरकारी कार्यालयात दुसरी नोकरी धरतो. निवृत्तिवेतन देणारी कचेरी आणि नवा मालक हे दोघेही, आपण देतो तेवढेच या व्यक्तीचे उत्पन्न, असे समजून हिशेब करतात. उदाहरणादाखल २०२४-२५ हे आर्थिक वर्ष घेऊ. समजा, एका निवृत्त हवालदाराचे वर्षाचे निवृत्तिवेतन ४,२०,००० रुपये व नव्या नोकरीचे वेतन ५,००,००० रुपये आहे. नव्या कररचनेत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होता. म्हणून दोन्ही ठिकाणी एक पैसाही कापला गेला नाही. परंतु दोन्ही रकमांची बेरीज ९,२०,००० रुपये होते. तीतून प्रमाणित वजावटीचे ७५,००० रुपये वजा जाता ८,४५,००० रुपये उरतात. त्यावरील कर ३४,५०० रुपये आणि चार टक्के उपकर मिळून ३५,८८० रुपये इतकी रक्कम देय ठरते. ती न भरता विवरणपत्र दाखल झाले, तर आगाऊ कर न भरल्याबद्दलचे व्याज धरून सुमारे चाळीस हजारांची मागणी निघते. २०२५-२६ या वर्षापासून नव्या कररचनेतील ही मर्यादा बारा लाखांवर गेल्याने अशी प्रकरणे कमी होतील. परंतु आज हाती असलेल्या बऱ्याच नोटिसा आधीच्या वर्षांच्या आहेत. यावर उपाय साधा आहे. नव्या मालकास आपल्या निवृत्तिवेतनाची लेखी माहिती द्यावी, म्हणजे तो एकत्रित उत्पन्नावर करकपात करू शकतो.

दुसरा प्रकार निवृत्तिवेतनाचा मार्ग बदलल्याचा. पूर्वी बँकांमार्फत मिळणारे संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन टप्प्याटप्प्याने प्रयागराज येथील प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक यांच्या ‘स्पर्श’ या प्रणालीत आणले गेले. ज्या वर्षी हे स्थलांतर झाले त्या वर्षाचे काही महिने बँकेकडे व काही महिने स्पर्शकडे नोंदले गेले, आणि दोन स्वतंत्र फॉर्म १६ निघाले. त्यांपैकी एकच विवरणपत्रात दाखविला गेला असेल, तर उरलेले उत्पन्न उघडे राहते.

तिसरा प्रकार थकीत रकमेचा. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली व तिची पुढील सुधारणा १ जुलै २०१९ पासून अमलात आली. दोन्ही वेळी मागील फरकाच्या रकमा नंतरच्या वर्षांत हाती आल्या. अशी फरकाची रक्कम ज्या वर्षी मिळते त्या वर्षाचे उत्पन्न फुगते. त्यावर कलम ८९ खाली दिलासा मिळतो; मात्र त्यासाठी विवरणपत्रापूर्वी फॉर्म १०ई संकेतस्थळावर दाखल करणे आवश्यक असते. फॉर्म राहून गेला, की दिलासा नाकारला जाऊन तेवढ्याच रकमेची मागणी येते.

चौथा प्रकार सर्वांत दुःखद होय. छावणीच्या आसपास ‘रिफंड काढून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ फिरत असतात. न दिलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या, नसलेले आजार व नसलेली कर्जे विवरणपत्रात दाखवून ते परतावा मिळवून देतात व त्यातील हिस्सा कापून घेतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशा बनावट वजावटींच्या शोधार्थ देशभरात १५० ठिकाणी कार्यवाही केली. तत्पूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचेही तेव्हा जाहीर झाले. विवरणपत्र कोणीही भरो, त्याची जबाबदारी ज्याच्या नावे ते भरले गेले त्याची असते. उत्पन्न खोटे दाखविल्यास कलम २७०अ खाली चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. मिळालेल्या परताव्यातला हिस्सा घेऊन मध्यस्थ निघून जातो. कर, व्याज व दंड मात्र सैनिकाच्या माथी राहतो.

नोटीस हाती का पडत नाही?

येथे एक महत्त्वाची बाब नमूद करावीशी वाटते. आजकाल नोटीस टपालाने क्वचितच येते. ती ई-मेलवर व संकेतस्थळावरील खात्यात येते आणि तिची सूचना मोबाइलवर मिळते. सैनिक सीमेवर असताना त्याचे खाते पुष्कळदा अन्य कोणी उघडून दिलेले असते आणि त्यात मोबाइल क्रमांक व ई-मेल त्या मध्यस्थाचाच असतो. साहजिकच नोटीस मध्यस्थाकडे जाते, आणि सैनिकाच्या दृष्टीने ती आलेलीच नसते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती बजावली गेली, असेच धरले जाण्याचा धोका असतो.

म्हणून पहिले काम कराचे नव्हे, पत्त्याचे आहे. पॅनच्या खात्यात स्वतःचा वा पत्नीचा मोबाइल क्रमांक, स्वतःचा ई-मेल व सध्याचा पत्ता आहे की नाही, हे आजच पाहावे. परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती असल्यास तो बदलावा. दुसरी बाब अधिकारक्षेत्राची. भूसेनेतील अर्जदारांचे पॅन पुणे येथील आणि वायुसेनेतील अर्जदारांचे दिल्ली येथील अधिकाऱ्याकडे नोंदविण्याची पद्धत राहिली आहे. त्यामुळे बेळगावात वा महूत स्थायिक झालेल्या माजी सैनिकाची फाइल दूरच्या शहरात पडून असू शकते. आपला निर्धारण अधिकारी कोण, हे संकेतस्थळावर पॅनवरून पाहता येते. आणि सध्याच्या पत्त्याच्या अधिकाऱ्याकडे प्रकरण वर्ग करण्यासाठी अर्ज देता येतो.

कागद प्रथम वाचावा

नोटीस आली, की घाबरून पैसे भरू नयेत व दुर्लक्षही करू नये. ती खरी आहे की खोटी, हे आधी तपासावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो संकेतस्थळावर टाकून पत्राची सत्यता पडताळता येते. बँकेचा गुप्त क्रमांक वा कार्डाचा तपशील मागणारे पत्र विभागाचे नसते.

पत्र खरे असल्यास त्यातील चार गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: कोणत्या वर्षाची मागणी, कोणत्या कलमाखाली, किती रकमेची आणि कोणत्या तारखेस बजावलेली. बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) खाली येणाऱ्या सूचनापत्रात दोन रकाने असतात. एकात आपण दिलेले आकडे व दुसऱ्यात विभागाने धरलेले आकडे असतात. ज्या ओळीत दोन्ही आकडे जुळत नाहीत, तेथेच वादाचे मूळ आहे. फॉर्म १६, फॉर्म २६एएस व वार्षिक माहिती विवरण हे तीन कागद शेजारी ठेवून त्या ओळीचा उलगडा करावा.

मुदतीचे महत्त्व येथूनच सुरू होते. मागणीची रक्कम नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत देय असते. त्यानंतर कलम २२०(२) अन्वये दरमहा, अथवा महिन्याच्या भागासही, एक टक्का व्याज चढते. वर उल्लेखिलेल्या चाळीस हजारांवर ते दरमहा ४०० रुपये होते. तीन वर्षे मौन पाळल्यास १४,४०० रुपयांची भर पडते. शिवाय कलम २२१ खाली दंड, कलम २४५ खाली पुढील परताव्यातून वळती आणि कलम २२६ खाली बँक खात्यातून वसुली, हे मार्ग विभागास मोकळे असतात.

‘सैनिकाच्या पगारावर जप्ती येत नाही’ असा एक समज बराकींत रूढ आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम २८ मध्ये सेवेतील व्यक्तीचे वेतन व भत्ते यांना न्यायालय वा महसूल अधिकारी यांच्या आदेशाने होणाऱ्या जप्तीपासून संरक्षण आहे, हे खरे. परंतु त्याने कर्ज नाहीसे होत नाही, व्याज थांबत नाही, परतावा वळता होणे टळत नाही. आणि सेवा संपल्यावर हे संरक्षणही उरत नाही. त्या समजावर विसंबून राहणे हिताचे नाही.

मागणी चुकीची असल्यास

संकेतस्थळावर थकीत मागणीस उत्तर देण्याची स्वतंत्र सोय आहे. मागणी मान्य आहे, अंशतः अमान्य आहे, अथवा पूर्णतः अमान्य आहे, असे तेथे कारणासह कळविता येते. हे उत्तर देणे ही पहिली पायरी होय. परंतु केवळ त्याने चूक दुरुस्त होत नाही.

आकडेमोडीची वा नोंदीची उघड चूक असेल, उदाहरणार्थ कापलेला कर जमेस धरला गेला नाही, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. ज्या आर्थिक वर्षात मूळ आदेश झाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत तो करता येतो, व अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत त्यावर निर्णय देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मालकाने वेतनातून कर कापला पण सरकारात भरला नाही, असे आढळल्यास कलम २०५ करदात्याच्या बाजूस उभे राहते. कापलेला कर पुन्हा त्याच्याकडून वसूल करता येत नाही. अशा वेळी वेतनाच्या पावत्या व बँकेचा उतारा हाच पुरावा असल्याने ते जपून ठेवावेत.

वाद कायद्याच्या अर्थाविषयी असेल, तर अपील हाच मार्ग. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३५ मध्ये प्राप्तिकर आयुक्त, अपील, यांच्याकडे ते दाखल करावे लागते. निर्धारित उत्पन्नानुसार त्याचे शुल्क २५० रुपये, ५०० रुपये अथवा १,००० रुपये असते. २०२० पासून ही अपिले प्रामुख्याने चेहराविरहित पद्धतीने, लेखी म्हणण्यावर चालत असल्याने कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. मात्र अपील केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीसाठी निर्धारण अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली वेगळा अर्ज करावा लागतो. ३१ जुलै २०१७ च्या सूचनेनुसार सर्वसाधारणपणे वादग्रस्त मागणीच्या २० टक्के रक्कम भरल्यावर ती दिली जाते.

सैनिकांसाठी असलेल्या करमुक्ती

दुरुस्ती वा अपील करताना पुढील तरतुदी ध्यानी ठेवाव्यात. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यानेच काही मागण्या निघालेल्या असतात. शासकीय सेवकाप्रमाणे सैनिकास निवृत्तीच्या वेळी मिळणारी अंशराशीकरणाची रक्कम, उपदान व शिल्लक रजेचे रोखीकरण करमुक्त आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र तसेच अधिसूचित अन्य शौर्य पुरस्कार मिळविणाऱ्यांचे निवृत्तिवेतन, आणि त्यांच्या पश्चात कुटुंबास मिळणारे निवृत्तिवेतन, कलम १०(१८) खाली पूर्णतः करमुक्त आहे. विहित परिस्थितीत युद्धसदृश कामगिरीवर असताना वीरमरण आलेल्या सैनिकाच्या पत्नीस, अपत्यांस वा नामनिर्देशित वारसांस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन कलम १०(१९) खाली करमुक्त आहे.

अपंगत्व निवृत्तिवेतनाविषयी सावधगिरी हवी. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ जून २०१९ च्या परिपत्रकाने ही करमुक्ती, सेवेमुळे उद्भवलेल्या वा सेवेमुळे बळावलेल्या शारीरिक अपंगत्वापायी सेवेतून मुक्त केलेल्यांपुरती असल्याचे सांगितले. वयोमानाने वा अन्यथा निवृत्त झालेल्यांना ती लागू नसल्याचे त्यात नमूद केले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सबब, शेजाऱ्यास करमुक्ती मिळाली म्हणून आपणांसही मिळेल, असे गृहीत धरू नये. डिस्चार्ज बुकातील सेवामुक्तीचे कारण व वैद्यकीय मंडळाचा अहवाल दाखवून मगच विवरणपत्र भरावे.

मागणी बरोबर असल्यास

हिशेब तपासल्यावर मागणी खरी ठरली, तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही. पैसे भरताना ‘नियमित निर्धारण कर’ हा ४०० क्रमांकाचा प्रकारच निवडावा व मागणीचा संदर्भ क्रमांक त्यास जोडावा. स्वयंनिर्धारण कर या ३०० क्रमांकाच्या प्रकारात रक्कम भरल्यास पैसे सरकारात जमा होतात, पण मागणी तशीच दिसत राहते. अशा चुकीने हैराण झालेले लोक थोडे नाहीत.

एकरकमी भरणे शक्य नसल्यास कलम २२०(३) खाली मुदतवाढ अथवा हप्ते मागता येतात. हा अर्ज ३० दिवसांची मूळ मुदत संपण्यापूर्वी करावयाचा असतो, हे विशेषेकरून लक्षात ठेवावे. अर्जात मासिक उत्पन्न, घरखर्च, मुलांचे शिक्षण, औषधोपचार व चालू कर्जे यांचे आकडे द्यावेत, आणि दरमहा किती रक्कम निश्चितपणे भरता येईल ते सांगावे. मोघम विनंतीपेक्षा अशा प्रस्तावावर विचार होणे सुलभ जाते. चढलेल्या व्याजातून सूट मागण्याची तरतूद कलम २२०(२अ) मध्ये आहे. व्याज भरल्याने खरोखरच हाल होतील, थकबाकी आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे राहिली, आणि चौकशीत व वसुलीत सहकार्य केले, या तिन्ही अटी अर्जदाराने सिद्ध कराव्या लागतात. दुर्गम ठाण्यावरील नेमणूक वा दीर्घ रुग्णालयवास यांची कागदपत्रे येथे उपयोगी पडतात.

खोट्या वजावटी दाखविल्या गेल्या असल्यास विभागाची नोटीस येण्याची वाट पाहू नये. कलम १३९(८अ) खालील अद्ययावत विवरणपत्र भरून दावा मागे घेता येतो. त्यावर २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर पडतो आणि जितका उशीर तितका तो वाढतो. तरीही पुढील दुप्पट दंडापेक्षा हे स्वस्त होय.

जुन्या व लहान मागण्या

ज्यांच्या खात्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या किरकोळ मागण्या दिसत, त्यांच्यासाठी एक दिलासा यापूर्वीच झाला आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातील घोषणेनुसार, २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंतच्या, आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील प्रत्येकी १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या, एका करदात्यास एकूण एक लाखाच्या मर्यादेत, रद्द करण्यात आल्या. आपली मागणी या वर्गातील असूनही खात्यात दिसत असेल, तर लेखी तक्रार करावी. ‘विवाद से विश्वास’ ही २०२४ ची योजना मात्र संपली असून तीत घोषणापत्र देण्याची अखेरची तारीख ३० एप्रिल २०२५ ही होती. त्या योजनेतून काम करून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असल्यास ती फसवणूक समजावी.

पतीच्या नावे आलेली नोटीस

सैनिकाच्या निधनानंतर त्याच्या नावे येणारी मागणी हा वीरपत्नींच्या व विधवा भगिनींच्या चिंतेचा विषय असतो. कलम १५९ नुसार मृताच्या कराची जबाबदारी वारसावर येते खरी. परंतु मृताच्या मालमत्तेतून जेवढे भागू शकेल तेवढ्यापुरतीच. कुटुंब निवृत्तिवेतन हा पत्नीचा स्वतःचा हक्क आहे. तो मृताच्या मालमत्तेचा भाग नाही. मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा देऊन संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी, निधनाची वार्ता निर्धारण अधिकाऱ्यास लेखी कळवावी, आणि मगच मागणीस उत्तर द्यावे. करमुक्त नसलेले कुटुंब निवृत्तिवेतन ‘अन्य मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ या सदरात येते. त्यातून एकतृतीयांश किंवा १५,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते; नव्या कररचनेत २०२४-२५ पासून ही मर्यादा २५,००० रुपये आहे. या निवृत्तिवेतनातून वेतनाप्रमाणे करकपात होत नसल्याने, स्वतः नोकरी करणाऱ्या भगिनींनी वर्षअखेरीचा हिशेब आधीच करून ठेवावा.

मदत कोठे मिळते?

निवृत्तिवेतनाच्या आकड्यात वा फॉर्म १६ मध्ये चूक असल्यास ती प्राप्तिकर कार्यालयात सुटत नाही. त्यासाठी स्पर्श सेवा केंद्राकडे जावे लागते. कराविषयीचे अर्ज प्राप्तिकर कार्यालयातील आयकर सेवा केंद्रात पोच घेऊन देता येतात. उत्तरच न मिळाल्यास विभागाच्या संकेतस्थळावर, अथवा केंद्र शासनाच्या सार्वजनिक तक्रार निवारण प्रणालीवर तक्रार नोंदवावी.

वकिलाचे वा सनदी लेखापालाचे शुल्क परवडत नसलेल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रथम चौकशी करावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी श्रीनगर येथे ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सेवा केंद्रे उघडून सेवेतील जवान, माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांस मोफत कायदेशीर साहाय्य देणे, हा तिचा उद्देश आहे. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. सेवेत असलेल्या जवानास स्वतः हजर राहणे शक्य नसल्यास कलम २८८ अन्वये त्याची पत्नी, वडील वा अन्य नातेवाईक लेखी अधिकारपत्रावर त्याची बाजू मांडू शकतात. दूरच्या ठाण्यावर रुजू होण्यापूर्वी असे अधिकारपत्र घरी करून ठेवणे शहाणपणाचे होय.

शेवटी एक सूचना. डिस्चार्ज बुक व निवृत्तिवेतन आदेश यांच्या शेजारी त्याच ट्रंकेत प्रत्येक वर्षाची एक पाकिटबंद फाइल असावी: फॉर्म १६, दाखल केलेले विवरणपत्र व त्याची पोच, विभागाचे सूचनापत्र आणि भरलेल्या कराचे चलन. नोटीस आली, की त्या वर्षाचे पाकीट काढावे, ती कोणत्या तारखेस मिळाली ते नोटिशीवर लिहून ठेवावे, आणि ३० दिवसांच्या आत उत्तर पाठवून त्याची पोच पुन्हा त्याच पाकिटात ठेवावी.